पानी येस, पन ऱ्हास नही

आमच्या खानदेशात पावसाची चौकशी मिलिमीटरमध्ये होत नाही. गावाकडे फोन लावला की पहिला प्रश्न, "पूर उना का?" म्हणजे नदीला, नाल्याला, लवणाला पाणी गेलं का. मग वावरात शिरता येतंय का. मग विहिरीला पाझर फुटला का. या तीन साध्या प्रश्नांत किती नेमकी माहिती मागितलेली असते, ते मला पावसाचे आकडे वाचायला लागल्यावरच समजलं. पहिल्यात पावसाचा जोर विचारलेला असतो, दुसऱ्यात मातीतली ओल, तिसऱ्यात जमिनीखालचं पाणी. सरकारी तक्त्यात मात्र एकच रकाना ठळक अक्षरांत असतो: आजवरचा पाऊस, सरासरीच्या इतके टक्के.

मी भूगोल शिकवते आणि तापीच्या खोऱ्यातच लहानाची मोठी झाले. हे खोरं दर वर्षी फळ्यावर काढते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री. मुलताईला उगम, सुरतेजवळ समुद्र, मध्ये 724 किलोमीटरचा प्रवास. खोऱ्याचं क्षेत्र 65,145 चौरस किलोमीटर, त्यातलं जवळपास चार पंचमांश महाराष्ट्रात. वऱ्हाडातून पूर्णा येते आणि चांगदेवला मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. उजव्या हाताला सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. नावं पाठ करून घेणं सोपं आहे. अवघड जातं ते मुलांना हे पटवणं, की या नद्यांचा पाऊस एक नाही.

नवापूर-अक्कलकुव्याकडे धो धो कोसळत असतो तेव्हा शिंदखेड्यात लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात. एका साक्री तालुक्यातच पिंपळनेरच्या डोंगराकडचा पाऊस वेगळा आणि खालच्या माळावरचा वेगळा. सह्याद्रीच्या आडोशाला असल्यामुळे अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होऊन आमच्याकडे येतात. आमची खरी भिस्त बंगालच्या उपसागरात तयार होऊन मध्य भारतातून पश्चिमेकडे सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. तो पट्टा जरा उत्तरेला सरकला तर नर्मदेचं भाग्य, दक्षिणेला सरकला तर गोदावरीचं. आमच्या वाट्याला जे येतं ते असं मधल्या मध्ये येतं, आणि म्हणून एका वर्षाचं तोंड दुसऱ्या वर्षाशी मिळत नाही.

हवामान खात्याच्या विभागणीत खानदेश 'मध्य महाराष्ट्रा'त मोडतो. त्याच विभागात महाबळेश्वर आहे, इगतपुरी आहे, आणि सोलापूरही आहे. टीव्हीवर "मध्य महाराष्ट्रात सरासरीच्या जवळपास पाऊस" असं ऐकू येतं तेव्हा त्यात सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि अमळनेरच्या कोरड्या वावरावरचा पाऊस एकत्र मिसळलेला असतो. नदीचं खोरं हे पाण्याचं खरं घर आहे. पाण्याचा हिशेब खोऱ्याने मांडायला हवा, आणि तोही उपखोऱ्याने. गिरणा धरणाचंच बघा. भिंत नांदगाव तालुक्यात, 1969 साली पुरी झाली. पाणी पडतं कळवण-सटाण्याच्या डोंगरात, भरवसा ठेवून बसलेले असतात चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचे शेतकरी. आपल्या शिवारात पाऊस चांगला झाला आणि धरण रिकामं राहिलं, किंवा शिवार करपलं आणि धरण भरलं, या दोन्ही गोष्टी तिथल्या माणसांनी पाहिल्या आहेत. 2018 मध्ये आमचे तालुकेच्या तालुके दुष्काळी जाहीर झाले, आणि लगेच 2019 मध्ये गिरणा धरण बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरलं. पेपरांत जलपूजनाचे फोटो आले. दोन वर्षांची सरासरी काढली असती तर ती अगदी समाधानकारक दिसली असती.

माझे मामा पांझरेकाठी शेती करतात. त्यांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्या लहानपणापेक्षा पाऊस कमी झालाय का? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "कमी कसा म्हनू माय? पानी येस, पन ऱ्हास नही." येतो, पण राहत नाही. त्या वाक्याला आकड्यांचा आधार किती, ते तपासण्यात माझा बराच काळ गेला आहे आणि अजून जातो आहे.

दीर्घकाळाचा कल काढणं ही जपून करायची गोष्ट आहे. सुरुवात 1972 पासून केली तर पाऊस वाढत गेल्याचं दिसणार, कारण तो आपल्या आठवणीतला सगळ्यात भीषण दुष्काळ. एखाद्या भरपूर पावसाच्या वर्षापासून सुरुवात केली तर तोच पाऊस घटत चालल्याचं दिसेल. वादात जिंकायचं असेल त्याला सोयीचं वर्ष नेहमी सापडतं. म्हणून अभ्यासक मान-केंडाल नावाची कसोटी लावतात. तिची युक्ती मला फार आवडते. जत्रेतल्या कुस्त्यांसारखी ती चालते: प्रत्येक वर्षाची त्याच्या नंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोड लावायची. नंतरचं वर्ष जास्त पावसाचं निघालं तर एक गुण अधिक, कमी पावसाचं निघालं तर एक उणा. किती फरकाने चीतपट केलं याला महत्त्व नाही, त्यामुळे एखादं राक्षसी पावसाचं वर्ष सगळा निकाल फिरवू शकत नाही. सगळे गुण एकत्र करायचे आणि पाहायचं, की एवढी बेरीज निव्वळ योगायोगाने आली असती का. कल किती तीव्र आहे ते मोजायला सेनचा उतार. सेन म्हणजे प्रणबकुमार सेन, ती रीत 1968 ची. आज नदीखोऱ्यांच्या पावसावरचा बहुतेक अभ्यास या जोडीवर उभा असतो.

आणि खानदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात वार्षिक बेरजेवर ही कसोटी लावली की बरेचदा हाती ठाम काही येत नाही. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पाऊस इतका हिंदकळतो की त्या हिंदकळण्यात संथ बदल बुडून जातो. इथे पुष्कळ लोक पुस्तक मिटतात आणि म्हणतात, बघा, काही बदललेलं नाही. मला वाटतं, पुस्तक उघडायचं ते इथूनच. कसोटी बेरजेवर न लावता दिवसांवर लावून बघायची. पावसाचे दिवस किती? आपल्याकडे 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात. त्यातले मध्यम पावसाचे किती, मुसळधार किती? दोन पावसांमधला सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा? पहिली पेरणीजोगी ओल कधी झाली, शेवटचा पाऊस कधी पडला?

हवामानशास्त्रज्ञ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये नेमकं हेच केलं. त्यांनी मध्य भारताचा 1951 ते 2000 या काळातला रोजचा पाऊस तपासला. खानदेशाचा पूर्वेकडचा भाग त्यांच्या चौकटीत येतो. निष्कर्ष असा, की अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या, आणि दोन्ही एकमेकांना खोडत असल्यामुळे मोसमाच्या बेरजेत ठळक बदल दिसला नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मामांचं वाक्यच कुणीतरी आलेखात मांडल्यासारखं वाटलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात मोसमी वारे एकूण दुबळे होत चालले होते, तरीही. अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोट अधूनमधून उसळून येतात आणि त्यातून हे पाऊस पडतात, असं त्यांचं म्हणणं.

कारण समजायला अवघड नाही. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशाने वाढलं. हिंदी महासागराचा उष्ण पट्टा 1951 ते 2015 या काळात सुमारे एका अंशाने तापला. जास्त बाष्प धरू शकणारी हवा भरायला जास्त वेळ घेते, आणि एकदा रिती व्हायला लागली की एकदमच रिती होते. मधला कोरडा काळ लांबतो आणि पडतो तेव्हा कोसळतो, या दोन्ही तक्रारी एकाच कारणातून निघतात. गावात त्या दोन वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात म्हणून आपल्याला त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात.

आता हाच पाऊस जमिनीवर उतरल्यावर काय होतं ते बघू, कारण माझा जीव खरा तिथे गुंततो.

समजा दोन वर्षं, दोन्हींत 600 मिलिमीटर. पहिल्या वर्षी तो चाळीसेक दिवसांत विभागून आला, दुसऱ्या वर्षी वीसेक दिवसांत. काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर तिची पाणी पिण्याची गती फार मंदावते. झिमझिम, रिपरिप पाऊस असेल तर ती सावकाश पीत राहते. तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर कोसळला तर पाणी वरच्या वर नाल्याला लागतं आणि जाताना बांधावरची माती घेऊन जातं. खाली तर बहुतेक ठिकाणी बेसाल्ट, त्याच्या पोटात साठवण कमी. म्हणजे "पूर उना का?" याचं उत्तर "हो, दोनदा" आणि "विहिरीला पाझर आहे का?" याचं उत्तर "नाही", असं एकाच वर्षात होऊ शकतं. होतंच. पुरात गेलेली ती माती पुढे धरणात बसते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. त्या धरणाचा पोटाचा भाग पूर्णेच्या गाळाने किती भरला आहे, त्याची बातमी क्वचित येते.

यावल-रावेरची गोष्ट वेगळी आणि मला जास्त काळजीची वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि जाड वाळूचा जो पट्टा आहे, ज्याला बझाडा म्हणतात, तो पाणी गिळण्यात तरबेज. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या त्या पट्ट्यात शिरल्या की अर्धंअधिक पाणी खाली मुरायचं आणि केळीच्या बागांखालचे साठे भरायचे. त्या साठ्यांवर एका पिढीने केळीचं वैभव उभं केलं, आता त्यांची पातळी खोल खोल जाते आहे. उपसा हे मोठं कारण, ते झाकून चालणार नाही. पण मुरायलाही नदी काही दिवस वाहती राहावी लागते. सुकी, मोर यांच्यासारख्या नद्या दोन दिवस रोंरावत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी कोरड्या पडल्या तर त्या पट्ट्याने प्यायचं कधी?

पिकांचं काय होतं ते खानदेशातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मृगाच्या पावसावर पेरणी झाली आणि पुढे तीन आठवडे ओढ दिली की दुबार पेरणी. मूग-उडीद काढणीला आले की ऐन पोळ्याच्या सुमाराला झड लागते आणि शेंगांतच कोंब फुटतात. कपाशीची बोंडं सडतात. परतीचा पाऊसही लांबलाय. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी वाऱ्यांच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा वायव्य भारतातून परतीची सुरुवात 1 सप्टेंबरऐवजी 17 सप्टेंबर केली. आपल्या नक्षत्रांच्या म्हणी रचणाऱ्यांना हस्ताचा पाऊस ठाऊक होता, पण तो ज्वारी-दादरच्या ओलीसाठी हवाहवासा असायचा. आता तोच पाऊस वेचणीला आलेल्या कापसावर पडतो. पावसासोबत आपण पिकंही बदलली, हे इथे नोंदवायलाच हवं. सगळा दोष आभाळाच्या माथी मारणं मला प्रामाणिक वाटत नाही.

31 ऑगस्ट 2021 ची पहाट चाळीसगावकर विसरणार नाहीत. डोंगरात रात्रभर पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी या नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, शेकडो गुरं वाहून गेली. मोठे पूर आमच्याकडे नवे नाहीत. 1872 साली पांझरेने धुळ्यात घातलेला धुमाकूळ इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेला आहे. त्यामुळे एका पुराकडे बोट दाखवून "हा हवामान बदल" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. असे दिवस वाढत गेले का, हा प्रश्न बरोबर. आणि तापीच्या बाबतीत एक वाईट योग असा, की पाऊस आणणारा कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, नदीही त्याच दिशेने वाहते. पुराचं पाणी उतरत असतं आणि त्याच्या डोक्यावर नवा पाऊस पडत असतो. ऑगस्ट 2006 मध्ये सुरत बुडाली ती उकाई धरणाच्या खाली, पण ते पाणी वरच्या खोऱ्यातलं, त्यात आपल्याही वावरांवरून गेलेलं.

सरकारी कामकाजात दिवस मोजणं आता थोडं तरी शिरलं आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. पीक विम्यात 2024 पर्यंत पावसाचा सलग 21 दिवसांचा खंड पडला तर मधल्या हंगामातली नुकसानभरपाई असायची. ऑगस्ट 2023 हा देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा हा 21 चा आकडा आमच्या चहाच्या टपऱ्यांवरसुद्धा पाठ झाला होता. विसाव्या दिवशी मंडळात तीन मिलिमीटर शिंतोडे पडले तर खंड तुटला की नाही, यावर माणसं तावातावाने बोलत होती. का बोलणार नाहीत? एका मंडळात पंधरा-वीस गावं आणि मोजायचं यंत्र एक. ते ज्या गावात, तिथला पाऊस साऱ्यांच्या नावावर. वळवाच्या पावसात बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर नाही, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. आमच्याकडे आता भर श्रावणातही ते अनुभवाला येतं.

इथे मला फडपद्धतीविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं बंधाऱ्यांची साखळी चालली. एका बंधाऱ्याखालचं सारं भिजणारं क्षेत्र म्हणजे थळ, त्याचे बहुधा चार फड. एका फडात एकच पीक, दर वर्षी फेरपालट. पाणी वाटायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि वर गावाने नेमलेले पंच. यातली जी गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती ही: कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडवाहू ठेवायचा, ते पावसाळा बघून, नदीची धार बघून ठरायचं. पाणी कमी तर एखादा फड सुटायचा, पण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे झळ सगळ्यांना सारखी. त्या माणसांनी सरासरी कधी काढली नसेल. सरासरीवर विसंबायचं नाही, एवढं त्यांनी व्यवस्थेतच बसवून टाकलं होतं. वरती धरणं झाली, विहिरींवर पंप बसले, नदीची धार तुटली आणि बहुतेक फड मोडले. जुनं होतं ते सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. ज्याला थळात जमीन नव्हती त्याला त्या पाण्यातलं काही मिळत नव्हतं. पण पाऊस पाहून एकत्र बसायचं आणि यंदा काय सोडायचं ते ठरवायचं, ती बैठक आज कुठल्याच गावात होत नाही, आणि पावसाचा स्वभाव असा बदलत असताना नेमकी तीच हवी आहे. बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखण्यासाठी एकत्र बसून स्वतःचे नियम केले, दंड ठरवले आणि ते पाळले. तो गाव साक्री तालुक्यातलाच आहे. म्हणजे आजच्या काळात हे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

अशी बैठक बसली तर तिच्यासमोर ठेवायला गावाचा स्वतःचा पाऊस हवा. तहसील कचेरीतल्या जुन्या नोंदींना मी हात लावते तेव्हा जपून लावते. शंभर-शंभर वर्षांची रांग त्यांत असते. पण पर्जन्यमापक जिथे होता तिथे पुढे इमारत झाली, शेजारी कडुनिंब वाढला, तर झाडाने अडवलेला पाऊस आकड्यात 'घटलेला' म्हणून दिसतो. आडोशाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा, हा नियम सगळीकडे पाळला गेला असेलच असं नाही. म्हणून कल काढण्याआधी त्या जागेवर जाऊन उभं राहावं लागतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते. त्यांना आधी ते कंटाळवाणं वाटतं, मग कुणीतरी झाडाची सावली मोजायला लागतं.

गावच्या शाळेत आम्ही साधा पर्जन्यमापक बसवला आहे, पटांगणाच्या उघड्या बाजूला. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं मोजतं त्याच वेळेला, सातवी-आठवीची मुलं पाणी मोजून वहीत लिहितात. शून्य असेल त्या दिवशी शून्यही लिहायचं, यावर मी हटून बसले होते, कारण खंड मोजायचा तर कोरडे दिवसच कामाला येतात. वही मी आखून दिली होती: तारीख, मिलिमीटर, शेरा. मागच्या पावसाळ्यात बघितलं तर मुलांनी पट्टी ठेवून स्वतःच दोन रकाने वाढवले होते. पाऊस किती वाजता लागला, किती वाजता उघडला. "बाई, नुसते मिलिमीटर लिहून नाला कधी येतो ते समजत नाही," एक मुलगी म्हणाली. यंदाची वही त्यांनी आखलेल्या रकान्यांनीच सुरू केली आहे.